बिनाऔषधाच्या गटातला शब्द

रचना बोलली. वयाच्या सातव्या वर्षी, पहिल्यांदाच. पण विद्यापीठाच्या म्हणण्याप्रमाणं असं काही घडलेलंच नाही, तेव्हा आपणही ते विसरून जाऊ.

तर, अर्जुनी मोरगावच्या अंजनाबाईची रचना बोलत नव्हती. ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या विद्यापीठानं जिल्ह्यातली अशी वीस लेकरं निवडली. दहांना नवं औषध दिलं आणि दहांना, फरक कळावा म्हणून, काहीच दिलं नाही. रचना या दुसऱ्या दहांत होती. औषधवाली दहा लेकरं दोन वर्षं नुसती पेंगत राहिली. रचना मात्र एका सकाळी भात कालवता कालवता "माय" म्हणाली. अंजनाबाई उष्ट्या हातानं गावच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या विद्यापीठाच्या सरांकडं धावली.

"सर, माही पोरगी बोलली जी. मले माय म्हनली."

सरांनी यादी चाळली. "ती तर बिनाऔषधाच्या गटात आहे. ती कशी बोलेल?"

"मंग मी का झूठ बोलून राहिली?"

"तसं नाही, बाई. पण औषधवाल्यांतलं कुणी बोलायच्या आधी हिनं बोलायला नको होतं. आमचा सगळा अहवाल बिघडला ना."

अंजनाबाईला अशी शिसारी आली, की सरांनी पुढं केलेला चहा तिनं त्यांच्यादेखत खिडकीबाहेर ओतला आणि घरी निघून आली.

आठ दिवसांनी विद्यापीठाचं शिक्क्याचं पत्र आलं.



"सबब, आपल्या पाल्याने उच्चारलेला 'माय' हा शब्द संशोधनाच्या हितार्थ परत घ्यावा व अहवाल सादर होईपर्यंत पाल्यास पूर्ववत ठेवावे, ही नम्र विनंती."