टिकलीची जागा

"टिकली लावायची नाही म्हणजे? मना पोऱ्या जित्ता शे!" सरलाबाई डॉक्टरीणबाईंवरच कडाडल्या. डॉक्टरीणबाईही धुळ्याकडच्याच निघाल्या, त्यामुळे त्यांना शब्दन् शब्द कळला.

त्यांच्या सुनेच्या, उज्ज्वलाच्या कपाळावर, ऐन टिकलीच्या जागी कोड होतं. टिकलीच्या डिंकानंच केलं आणि टिकलीनंच झाकलं. आठ वर्षांत टिकली मसुराच्या डाळीएवढीची रुपयाएवढी झाली. भेस्तानच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवऱ्यावर काय जीव आहे हिचा! उज्ज्वला आतल्या आत मरायची. तिला एकदाच, फक्त एकदाच, उघड्या कपाळानं दारात उभं राहायचं होतं. डाग गेल्या दीड वर्षात वाढला नव्हता, म्हणून मांडीची कातडी काढून तिथं लावता येणार होती. मात्र पुढे टिकली नको, कुंकूही नको.

सरलाबाईंचं स्वतःचं कपाळ अकरा वर्षं कोरं होतं. नवरा गेला त्या दिवशी जावांनी कुंकू पुसलं ते पुसलं. सून मात्र भरल्या कपाळाची हवी!

उज्ज्वला हटली नाही. ऑपरेशन झालं. कपाळावर कातडीच्या रंगाची पट्टी, लांबून कपाळ कोरंच दिसे. दुसऱ्या दिवशी समोरची हर्षदा पदर डोळ्यांना लावूनच आली. दार उघडलं खुद्द उज्ज्वलाच्या नवऱ्यानं, योगराजनं, हातात चहाचा कप घेऊन. हर्षदा किंचाळून जिन्यातच बसली. मग सरलाबाईंनी पोराला रोज लूमवर जायच्या आधी तासभर दारात खुर्ची टाकून बसवलं. बिचारा येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा.

महिन्यानं दवाखान्यात आरसा पाहिला आणि उज्ज्वलाला रडूच फुटलं. कातडी छान धरली होती, पण कपाळाच्या मधोमध गोल तपकिरी ठिपका!

"मांडीची कातडी कधी कधी गडद होते," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या. "राहीलही अशीच."

सरलाबाई पुढे झाल्या. अंगठ्याला थुंकी लावून ठिपका घासला. पुन्हा घासला.

"पुसाई जावाव नही?"

"अहो आजी, थुंकी काय लावता! तिचीच कातडी ती. कुणाच्या बापाला पुसता यायची नाही."

सरलाबाईंनी रडत्या सुनेला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कोऱ्या कपाळावर बोट टेकवलं.

"मालेबी आठे एक लाई द्या ना, बाई."