उसनवारीची यादी

एकविसावं कलम लिहिताना मास्तरांना शंका आली आणि बाविसाव्याला खात्रीच पटली. समोरची कादंबरी त्यांच्या सुनेची होती.

वर नाव नव्हतं, सगळी पानं टाइप केलेली. सिनेमा कंपनीच्या तळमजल्यावरच्या या खोलीत कादंबऱ्या नुसत्या क्रमांकाने येत. पण दोनशेव्या पानावर एक राक्षस होता. तो चष्मा कपाळावर सरकवून वाचायचा आणि मग तोच चष्मा शोधायला सगळा किल्ला डोक्यावर घ्यायचा. "या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!" असं तो ओरडायचा. मास्तरांनी कपाळाला हात लावला. चष्मा तिथेच होता.

त्यांना हसू फुटलं. मग रडू आल्यासारखं झालं.

मास्तर पूर्वी खरोखरचे मास्तर होते. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा शाळेत कोणी नव्हता. निवृत्तीनंतर या कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काम चार वाक्यांत सांगितलं होतं. जादूच्या, राक्षसांच्या, अद्भुत कादंबऱ्या ढिगाने येतात. एकेक वाचायची. कुठून काय उचललंय त्याची कलमवार यादी करायची. एकही कलम सुटता कामा नये.

नऊ वर्षं मास्तर हेच करत होते. यादी संध्याकाळी वर जायची. पुढे काय होतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. परीक्षकाने पेपर तपासावेत, निकालाच्या पाटीशी घुटमळू नये, असं त्यांचं मत. सिनेमे ते पाहत नसत, अंधारात बसलं की त्यांना झोप लागायची. बाई मात्र दर वर्षी पगार वाढवत आणि म्हणत, "मास्तर, तुमची यादी आहे म्हणून आम्ही निर्धास्त." आपल्यामुळे शे-दोनशे चोर हात हलवत घरी गेले असतील, या समाधानात मास्तरांना झोप छान लागे. अंधार असो वा नसो.

आणि आता चोर घरातच निघाला होता.

सात वर्षं ती जेवणाच्या टेबलावर लिहीत होती. सगळे बाहेर पडले की वह्या काढायची. मास्तर येता-जाता चिडवायचे, "काय, आज कोणाचा खिसा कापला?" ती म्हणायची, "बाबा, आधी वाचा, मग धाड घाला." मुलापेक्षा सुनेवर त्यांचा जीव जास्त होता आणि हे मुलालाही ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात जेवताना तिने सांगितलं, "एके ठिकाणी पाठवलंय. कुठे ते विचारू नका. मला कोणाची ओळख नको."

"आणि नाही झालं तर?"

"तर बस झालं, बाबा. वह्या रद्दीत. पुन्हा पेन हातात धरणार नाही."

ती हे अगदी शांतपणे बोलली. म्हणूनच मास्तरांना ते लागलं. चिडून बोललेलं ती अर्ध्या तासात विसरायची, शांतपणे बोललेलं कधी नाही.

त्यांनी यादी पुन्हा वाचली. मेंढपाळाच्या घरी वाढलेला अनाथ राजपुत्र. बोलणारी तलवार. तिसऱ्या प्रकरणात मेलेला आणि नवव्यात परत आलेला म्हातारा गुरू. पहिल्या पानावर नकाशा. शेवटी दुष्ट राजा निघतो तो नायकाचाच बाप. ही चोरी कसली, दरोडाच होता. स्वतःचं म्हणावं असं पोरीने काही लिहिलं असेल, तर तो एक राक्षस.

ही यादी वर गेली, की सात वर्षं रद्दीत.

मास्तरांनी कागदाचे चार तुकडे केले. नव्या कागदावर लिहिलं, 'उसनं काहीही आढळलं नाही.' खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कॉपीकडे काणाडोळा केला होता. सही वाकडी आली.

रात्री जेवताना सून म्हणाली, "बाबा, गप्पसे? बरं नाही का?"

"बरंय. आज एकाला न तपासता पास केलं."

"तुम्ही? आज सूर्य पश्चिमेला उगवला होता की काय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. नऊ वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या. हातात कालचा कागद होता.

"मास्तर, आधी मला वाटलं, पानं गहाळ झाली. मग तुमची सही दिसली. एकही कलम नाही?"

"एकही नाही."

"नक्की? एखादी तलवार, एखादा गुरू?"

मास्तरांनी त्यांच्या नजरेला नजर दिली. "बाई, अख्ख्या नोकरीत इतकं स्वतंत्र लिखाण माझ्या हाताखालून गेलेलं नाही. शब्द देतो."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग ठीक. उगाच मनाला टोचत होतं. सकाळीच परत पाठवलं ते."

"परत?" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "परत का?"

"अहो, वीसच्या खाली कलमं असलेला एक तरी सिनेमा काढलाय का आपण? तुमची यादी बघूनच तर निवडतो," बाई म्हणाल्या. "लोकांनी आधी कुठे पाहिलेलंच नाही, ते बघायला येणार कोण?"