पाच वाजताचा वारा

पाच वाजले आणि दिंडोरीच्या मळ्यात यंत्रातून रोजचा तासभराचा खारा वारा सुटला. अल्बारिन्यो ही मूळची स्पेनच्या किनाऱ्यावरची द्राक्षवेल. या वाऱ्याशिवाय तिच्या पांढऱ्या वाइनला धार येत नसे. चांगुणामावशी हातातली कात्री ठेवून यंत्रासमोर डोळे मिटून बसल्या. त्यांचं कोकणातलं देवबाग गाव समुद्रात बुडाल्याला नऊ वर्षं झाली होती. वास मात्र तोच होता.

"मावशी, उद्या यंत्र काढतोय," इंजिनिअर निनाद म्हणाला. "नव्या वेलींची जनुकं बदललीत. त्यांना समुद्र लागत नाही."

"म्हणजे वेल समुद्र इसारली?"

"विसरली."

"बरा झाला तिचा. माका पण तसा कायतरी टोचतलंस काय रे?"

 सात वाजून गेले, तरी निनादने यंत्र बंद केलं नाही.