मोज्यातली सुरी

"पोट आत घे," ईशबेल नवऱ्याला म्हणाली.

हेक्टरनं घेतलं. तशी गरज नव्हती. किल्टचं, त्याच्या चौकड्यांच्या स्कॉटिश घागऱ्याचं, बक्कल शेवटच्या भोकात अडकवूनही कमरेशी दोन बोटं जागा उरली. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो वाळतच चालला होता.

"मी येत नाहीये," तो म्हणाला. लेकीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळपासून तिसऱ्यांदा. "बापाच्या जागी फर्गस नेईल मोरवेनला चर्चमध्ये. मामा आहे तिचा."

"फर्गस? तो स्वतःच्या लग्नात चुकीच्या चर्चला पोचला होता."

हेक्टरच्या तोंडाची एक बाजू हसली.

ईशबेल पहाटे पाचपासून उभी होती. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती त्याला नुसती सजवत राहिली. उशीला अभ्रा घालावा तसा तिनं त्याचा लुळा उजवा हात कोटाच्या बाहीत घातला आणि बोटं कोटाच्या खिशात दडवली. पिन किल्टच्या वरच्या एकाच पदरातून ओवली. दोन्ही पदर टोचले की बसताना कापड फाटतं. पुढची चामडी थैली साखळीनं बांधली. मग त्याला पलंगावर बसवून ती गुडघ्यांवर टेकली. लोकरी मोजे, त्यांच्या घडीखालच्या लाल पट्ट्या, पोटरीभोवती गुंडाळायच्या बुटांच्या लांब नाड्या. गुडघे ठणकत होते.

शेवटी किल्टसोबत मोज्यात मिरवायची सुरी. काळ्या मुठीची, वीतभर. तिनं ती उजव्या मोज्यात खोचली.

हेक्टर खाली बघत राहिला.

"तिथे कुणासाठी?"

"नेहमी तिथंच असते."

"ज्या हातानं काढायची, त्या बाजूच्या पायात असते. शाळेतल्या पोरालाही कळतं."

"हेक्टर, एकोणचाळीस वर्षांत त्या सुरीनं तू सफरचंद सोडून काही कापलेलं नाहीस."

"म्हणून काय झालं?"

खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"लोक आधी पायांकडेच बघतात," ती अखेर म्हणाली. "डाव्या पायात दिसली की सगळ्यांना हाताचं कळेल. म्हणून."

"बाई गं, माझं तोंड वाकडं आहे. ते कुठल्या मोज्यात घालणार आहेस?"

तिला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

"तू आज मार्चच्या आधीच्या माणसाला सजवते आहेस," तो म्हणाला. शब्द जड येत होते, पण त्यानं घाई केली नाही. "त्यालाच न्यायचं असेल तर ने. मी घरी थांबतो."

ईशबेलनं सुरी काढून घेतली. उठून पलीकडे जाण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून गुडघ्यांवरच सरकत ती त्याच्या डाव्या पायापाशी गेली.

"दे इकडे," तो म्हणाला.

डावा हात शिकाऊ होता. पहिल्यांदा सुरी गालिच्यावर पडली. दुसऱ्यांदा मोज्याच्या घडीत अडकली. तिसऱ्यांदा आत गेली, पण तिरकी, आणि मूठ चांगली चार बोटं वर राहिली. खरं तर बोटभरच दिसायला हवी.

ईशबेलचा हात सुरी नीट करायला पुढे झाला आणि थांबला. मग तिनं तो त्याच्यापुढे धरला.

"ऊठ," ती म्हणाली. "पोरगी वाट बघते आहे."