खालून वर

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

काकू पुन्हा पाठीवर आडव्या झाल्या. वर्गातला त्यांचा जोडीदार, एक पोस्टमन, गुडघे टेकून त्यांच्यावर ओणवला. काकूंनी त्याची बाही धरली, कॉलर धरली. एक नडगी त्याच्या पोटावर आडवी लावली, दुसरा पाय त्याच्या गुडघ्याशी टाकला आणि दोन्ही पायांची कात्री फिरवली. पोस्टमन तसूभर हलला नाही. उलट त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "माझं वजनच जरा जास्त आहे हो," तो म्हणाला.

तळघरातल्या त्या जुजुत्सूच्या, म्हणजे जपानी कुस्तीच्या वर्गात पन्नाशीच्या काकू एकट्याच. दिवसभर शिवणयंत्रावर बसून त्यांची कंबर धरलेली असायची. त्यांना बाकी काही नको होतं, हा एकच डाव हवा होता. खाली पडलेल्याने वरच्याला उलटवायचं आणि आपण वर यायचं. याला स्वीप म्हणतात. ताकद लागत नाही, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काकूंना आता ती नुसती समजूत वाटू लागली होती.

"तुम्ही त्याला लांब ढकलताय," मॅडम शेजारी येऊन बसल्या. "ढकलू नका. अंगावर येऊ द्या. सगळा भार पुढे आला की मग पाय फिरवा."

"अंगावर येऊ देऊ?"

"हो. तेच तर अवघड आहे."

काकूंनी डोळे मिटले आणि पोस्टमनला येऊ दिलं. मग पाय फिरवले. तो धपकन उलटला आणि काकू चक्क वर! वर्गातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

मॅडम मात्र वैतागल्या. "तो हात त्याच्या डोक्याखाली कशाला? बाही सुटली तुमची!"

"डोकं आपटेल ना त्याचं."

"आपटू दे की! अंगावर धावून येणाऱ्याची कसली काळजी करताय? घरी कोण आहे तो? नवरा?"

"मुलगा," काकू म्हणाल्या.

पोस्टमन पडल्या पडल्या छताकडे बघत राहिला.

मुलाचं डोकं फिरलेलं होतं. गोळ्या तो जिभेखाली धरायचा आणि नंतर थुंकून टाकायचा. कानात आवाज यायचे, ही बाई तुझी आई नाही म्हणून सांगायचे. डॉक्टरांनी हात टेकले. नवऱ्याने वेगळी खोली घेतली. मागे एकदा शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तर त्यांनी आवरता आवरता पोराचा हात मोडला. तेव्हापासून ओठ फुटला तरी काकू तोंडातून आवाज काढत नसत.

रविवारी दुपारी जेवता जेवता त्याने ताट भिरकावलं.

"माझ्या आईला कुठे ठेवलंयस?"

काकू काही बोलायच्या आत जमिनीवर पडल्या होत्या आणि तो वर होता. त्याचे हात गळ्याकडे आले. एरवी त्या जिवाच्या आकांताने त्याला ढकलायच्या. आज ढकललं नाही. येऊ दिलं. त्याचा श्वास तोंडावर आला, बोटं गळ्यावर टेकली, सगळा भार पुढे कलंडला, आणि काकूंनी पाय फिरवले.

तो उलटला. डोकं त्यांच्या तळहातावर पडलं.

काकू वर बसून धापा टाकत होत्या. उलटवायचं त्यांना जमलं होतं. पुढे काय, ते कोणत्याच वर्गात शिकवत नव्हते. आता हा उसळेल, आपल्याला झुगारून देईल, म्हणून त्या अंग चोरून बसल्या. तो उसळला नाही. डोळे विस्फारून त्यांच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचं अंग सैल पडलं.

"झालं हं बाळा, झालं," काकू पुटपुटल्या. "लागलं का तुला? थांब, उठते मी."

"उठू नकोस," तो म्हणाला. "तू उठलीस की मी परत मारीन तुला, आई."