कमावता माणूस

"घरात कमावता माणूस नाही म्हणता, मग हा शर्ट कोणाचा?"

तपासनीस बाईंनी दोरीवरच्या ओल्या शर्टाकडे बोट दाखवलं. मदतीच्या धान्याची पिशवी ज्यांना मिळते, त्यांच्या घरी त्या अशाच न सांगता यायच्या.

शिवणकाम करून घर चालवणारी ती उंबऱ्यातच अडखळली. समोरच्या खोलीचं दार नेहमीसारखं बोटभर उघडं होतं.

"आत या ना, सांगते." तपासनीस बाई आत येताच तिने कडी लावली.

"कडी कशाला?" बाईंनी पर्स छातीशी धरली. मग पिठाचा डबा उघडला. तळ दिसत होता. "डबे काय, कुणीही रिकामे करून ठेवतं. आणि मोरीतला तो दाढीचा ब्रश?"

"नवरा सोडून गेला हो, ताई. शर्ट मीच भिजवते, मीच वाळत घालते." तिचा आवाज अगदी खाली गेला. "लेक वयात आलीय. समोर तो एकटाच राहतो. आमच्यात पुरुष नाही हे त्याला कळलं तर…"

"जरा मोठ्याने बोला."

"मोठ्यानेच तर बोलता येत नाही."

बाई तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. "अशा कहाण्या रोज ऐकते मी. खरी कोणती, खोटी कोणती, कसं ओळखायचं? शेजारी विचारावं लागेल."

"विचारा. पण त्या दारावर नको. पाया पडते तुमच्या."

झालं. बाईंचा संशय पक्का झाला. कडी काढून त्या सरळ समोरच गेल्या. ती दाराआड उभी राहिली. कोपऱ्यात शिवत बसलेल्या लेकीने मशीन थांबवलं.

"यांचे मिस्टर कामाला जातात का हो?"

"जातात तर!" समोरचा म्हणाला. "भल्या पहाटे जातो, रात्री उशिरा येतो. तोंड नाही बघितलं कधी, पण रात्री बायको त्याच्याशी बोलत असते. सगळं ऐकू येतं इथे."

"नक्की? हिच्या धान्याचा प्रश्न आहे."

तो हसला.

"नक्की म्हणजे काय, मॅडम! तो आहे म्हणून तर मी अजून त्या दाराकडे फिरकलो नाही."

बाई काय म्हणतात ते ऐकायला तिने दाराला कान लावला.