भिंतीवरचा येल्मर

बंदरावरचा माणूस पिंपांच्या कारखान्याच्या दारात टोपी काढून उभा राहिला, तेव्हाच विगर्टने हातोडा खाली ठेवला.

"येल्मरचं जहाज बुडालं," तो माणूस म्हणाला. "कोणी वाचलं नाही. आता तुझ्या घरी सांगायला जातो."

"घरी जाऊ नकोस. त्राइनला कळता कामा नये."

त्याची बायको त्राइन शरद ऋतूपासून अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलंय, धक्का बसला तर जाईल, असं वैद्याने बजावलं होतं. येल्मर त्यांचा एकुलता एक मुलगा.

विगर्टने घरी येण्याआधी कालव्यावर तोंड धुतलं. सुतकाचे काळे कपडे पेटीतच राहू दिले. आणि चित्राला हात लावला नाही.

होर्न गावात घरातलं कोणी गेलं की भिंतीवरची चित्रं उलटी करतात, तोंड भिंतीकडे. विगर्टच्या घरात एकच चित्र होतं, त्राइनच्या पलंगासमोर. देवाच्या शब्दाखातर अब्राहाम पोटच्या पोरावर सुरा उगारतो आणि देवदूत ऐन वेळी त्याचं मनगट धरतो, ते. गल्लीतल्या चित्रकाराने अब्राहाम म्हणून विगर्टला उभं केलं होतं आणि पोर म्हणून येल्मरला. अब्राहामाचं नाक बियर पिणाऱ्या पिंपवाल्यासारखं दिसतं, म्हणून गिऱ्हाईकाने ते नाकारलं. मग ते यांच्याच घरी आलं.

त्राइनने विगर्टकडे थोडा वेळ पाहिलं. मग विचारलं, "काही कळलं का रे जहाजाचं?"

"कळलं. नॉर्वेत बर्फात अडकलंय. आता वसंतातच सुटेल."

"मग खातो काय तिकडे?"

"खारे मासे. आणि तुझ्या वाटाण्याच्या सूपसाठी रडतो."

"रडू दे. इथे होता तेव्हा नावं ठेवायचा."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी विचारायची आणि तो काहीतरी रचून सांगायचा. कप्तानाची दाढी गोठली. येल्मर बर्फावर घसरून पडला. तिथे त्याला एक पोरगी आवडलीय.

"दिसायला कशी आहे?"

"नाक माझ्यासारखं आहे म्हणे."

"मग नको बाई ती सून."

ती हसायची. तोही हसायचा. दिवसा तो कारखान्यात लाकडाच्या ढलप्यांमागे बसून रडायचा.

"डोळे लाल का तुझे?" तिने एकदा विचारलं.

"पिंपं शेकताना धूर जातो."

"इथलीही चूल धुरकटते," ती म्हणाली. तिचेही डोळे लाल होते.

कधी कधी चित्र तिरकं झालेलं असायचं. तो ते सरळ करायचा.

"नेल झाडताना धक्का देते," त्राइन सांगायची. शेजारची नेल दिवसभर तिच्याजवळ बसायची.

कालव्यांवरचा बर्फ फुटायला लागला. विगर्टला आता नवी थाप सुचेना.

"सुटलं असेल ना रे जहाज?" त्राइनने विचारलं.

"सुटेल आता."

"मग भेट होईल लवकरच." तिने त्याचा हात धरला. "आज आणखी सांग ना त्याचं."

त्याने सांगितलं. ऐकता ऐकता तिला झोप लागली. सकाळी ती उठली नाही.

नेल आली. तिने त्राइनचे केस विंचरले, हनुवटीखाली फडकं बांधलं. विगर्ट चित्रापुढे उभा होता. आता ते उलटं करायला हरकत नव्हती. एकदाच करायचं, दोघांसाठी. पण त्याचे हात वर जाईनात.

"सर बाजूला," नेल म्हणाली.

"जपून. डावीकडचा खिळा—"

"सैल आहे. माहीत आहे मला." न बघता तिने चौकट उचलली, फिरवली आणि पुन्हा टांगली. "हिवाळाभर रोज केलंय हे. तू कामावर गेलास की उलटं, तू यायच्या आत सरळ."

"म्हणजे तिला माहीत होतं?" विगर्टने विचारलं.

"बातमी आली त्या दुपारी खिडकीखालून त्या जहाजावरच्या खलाशांच्या बायका रडत गेल्या. त्राइनने त्यांना हाक मारून विचारलं," नेल म्हणाली. "मला म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस. संध्याकाळी पोराबद्दल बोलतो, तेवढं बोलू दे त्याला."

विगर्ट पलंगाच्या कडेवर बसला. येल्मरसाठी दोघांनी मिळून रडायचं राहून गेलं होतं.